बोडखेभाऊ म्हणायचे, आधी पडू द्या

कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम टाकला आणि तो उघडल्या उघडल्या बंद पडला, की समोरचा माणूस काय करतो यावरून मला त्याचा स्वभाव कळतो. आमचे मुख्याध्यापक काळबांडे सर आधी आवाज चढवायचे आणि मग कोणाचं तरी नाव घ्यायचे. मी स्वतः मशीन बंद करून पुन्हा चालू करायचो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सीपीयूला बाजूनं एक चापट मारायचो. मराठी शिकवणाऱ्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. नामदेव बोडखे मात्र स्टूल ओढून समोर बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा उघडा. पडू द्या त्याले. कसा पडते ते तं पाहू."

आमची शाळा रिसोड तालुक्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझीच एक फजिती येणार आहे. बोडखेभाऊ रिठदहून सायकलवर यायचे. हुद्द्यानं ते प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचा दिवा भरणं आणि सातवीच्या पोरांपासून चुंबक वाचवणं हे त्यांचं काम. पण शाळेत कॉम्प्युटरची खोकी आली तेव्हा ती ठेवायला कुलपाची खोली एकच होती, प्रयोगशाळेची, आणि किल्ली भाऊंकडे. खोकी तीन महिने तशीच पडून होती. शिक्षकांपैकी कोणी हात लावायला तयार नव्हतं, मोडलं तर भरून द्यावं लागेल म्हणून. भाऊंनी तीन महिन्यांत खोक्यातली सगळी पुस्तकं वाचली. म्हणजे वाचली असं ते म्हणायचे. इंग्रजी अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द जुळवून, अडला की इंग्रजीच्या शिक्षकाला गाठून. चौथ्या महिन्यात शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा मशीन जोडून, चालू करून दाखवणारा माणूस शाळेत एकच होता.

दिसायला अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या बाह्या दोन्हीकडे बरोबर सारख्या दुमडलेल्या. खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. मशीनसमोर बसले की पाठकोऱ्या कागदावर निळ्यानं लिहायचे काय केलं, आणि लाल पेनानं काय झालं. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून त्यांची बरीच थट्टा व्हायची. मी त्यांना डॉक्टर म्हणायचो आणि त्या कागदाला केसपेपर. ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. "तुमी चापट मारली ते लिहू का सर याच्यावर?" एवढंच विचारायचे.

त्यांचा पहिला नियम पाटीचा. प्रोग्राम बंद पडताना पडद्यावर जी चौकट येते, तिला ते पाटी म्हणत. माणसं ती पाटी वाचतच नाहीत, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं. एकदा विज्ञानाच्या देशमुख बाई तणतणत आल्या. नवा प्रोग्राम टाकलाय, उघडतच नाही.

"पाटी आली होती का?"

"आली होती. मी बंद केली."

"काय लिहलं होतं?"

"काहीतरी इंग्रजीत होतं."

"बाई," भाऊ शांतपणे म्हणाले, "पोस्टमन दारात आला. तुमी त्याच्या तोंडावर दार लावलं. अन् आता मले इचारून राह्यल्या, चिठ्ठी काहून नाही आली?"

बाई गेल्या, पुन्हा प्रोग्राम पाडला आणि पाटी जशीच्या तशी उतरवून आणली. त्या दिवसापासून आमच्या शाळेत पाटी उतरवल्याशिवाय भाऊंना बोलवायचं नाही असा दंडक पडला. मी एकदा आणलेल्या पाटीवर 'परमिशन डिनाइड' असं होतं. अर्थ मीच सांगितला, परवानगी नाकारली. "कोनाची?" भाऊंनी विचारलं. म्हटलं, "तुमची." ते म्हणाले, "मी तं घरचाच हाये!" आणि खरोखर दुखावल्यासारखे दिसले. मग पंधरा मिनिटांत ती परवानगी त्यांनी कुठून तरी मिळवली.

दुसरं त्यांचं तत्त्व पाहुण्याचं. नवा प्रोग्राम म्हणजे पाहुणा आणि मशीन म्हणजे घर. "पाव्हणा आला अन् उभ्या उभ्या पडला, तं लोकं म्हनतेत पाव्हणाच खराब. अरे, घरात बसाले जागा हाये का? पानी हाये का? त्याच्या खाटेवर आधीच कोनी झोपलं तं नाही?" जागा म्हणजे डिस्क, पाणी म्हणजे मेमरी, आणि खाटेवर झोपलेला म्हणजे त्याच कामाचा एखादा जुना प्रोग्राम. याच क्रमानं ते बघत जायचे आणि क्रम कधीच मोडायचे नाहीत, बिघाडाचं कारण लगेच दिसत असलं तरी. मला याचा फार कंटाळा यायचा. मी म्हणायचो, भाऊ, सरळ शेवटचं बघा ना. ते म्हणायचे, "शेवटचं कोनतं ते आधी कसं समजन?"

केनवडला लग्नपत्रिका छापणारा एक दुकानदार होता. त्यानं पत्रिकांच्या नक्षीचा नवा प्रोग्राम टाकला आणि तो दर दोन मिनिटांनी बंद पडू लागला. लग्नसराई तोंडावर. रिसोडच्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं, मशीन पूर्ण फॉरमॅट करा. त्यानं भाऊंना निरोप धाडला. बाजाराचा दिवस होता आणि मी भाजी घ्यायला गेलो होतो, म्हणून हा प्रकार मला डोळ्यांनी बघायला मिळाला. फॉरमॅटचं नाव काढताच भाऊ म्हणाले, "फॉरमॅट मंजे इलाज नोहे. ते तेरवी होय. पेशंट जित्ता असतानी तेरवी कायले करता?"

दुकानदारानं खुर्ची रिकामी करून दिली. भाऊ बसले नाहीत. ही त्यांची तिसरी खोड. दुसऱ्याच्या मशीनच्या माऊसला ते हात लावत नसत. "हात तुमचे, डोये माहे," म्हणायचे. दुकानदाराला बसवलं, मागे उभे राहिले, आणि एकेक गोष्ट त्याच्याकडूनच उघडवून घेतली. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आत भाऊ शांतपणे सांगताहेत, इथं दाबा, आता वाचा, मोठ्यानं वाचा. अर्ध्या तासात सापडलं. मशीनमध्ये व्हायरस अडवणारे दोन वेगवेगळे प्रोग्राम होते. एक मशीनसोबत आलेला, दुसरा भाच्यानं वरून टाकून दिलेला.

"एका खळ्यावर दोन राखनदार ठेवले तुमी," भाऊ म्हणाले. "दोघाईची एकमेकाशी ओयख नाही. पाव्हणा आला की एक म्हनते बस, दुसरा म्हनते ऊठ. तो बिचारा पडन नाही तं काय करन?"

एक राखणदार काढून टाकला आणि नक्षीचा प्रोग्राम सुरळीत चालू झाला. दुकानदारानं फार आग्रह केला, पण भाऊंनी चहा घेतला आणि त्याच्याकडून कागदावर लिहवून घेतलं, काय झालं आणि काय केलं. "उद्या मी नसलो तं?" त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते थोडं नाटकी वाटलं होतं. आज माझ्या घरी मशीन अडतं तेव्हा मी त्यांच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स काढून बघतो, तेव्हा नाटकी वाटत नाही.

आणि एक सवय होती, जी मला सगळ्यात जास्त खटकायची. ते "कोणी केलं" असं कधीच विचारत नसत. काळबांडे सर नेमके तेच विचारायचे. मशीन बिघडलं की सर म्हणणार, शेवटी कोण बसलं होतं? भाऊ म्हणणार, "साहेब, शेवटी काय दाबलं ते इचारा. 'कोनी केलं' इचारलं, की माणूस आधी सोताले वाचवते, मंग खरं सांगते." मला वाटायचं हा माणूस भिडस्त आहे, कोणाशी वाईटपणा नको म्हणून असं करतो. तसं नव्हतं, हे मला प्रणिताच्या वेळेला कळलं.

प्रणिता सावळे आमच्या ऑफिसात कारकून म्हणून लागली ती वडिलांच्या जागेवर. सावळेबाबू नोकरीत असतानाच गेले. घरी आई आणि दोन शिकणारे भाऊ, आणि कमावणारी आता ही एकटी. अनुकंपेची जागा असली तरी कायम होण्याआधी मुख्याध्यापकांचा अहवाल संस्थेकडे जायचा होता. त्यात काळबांडे सर काय लिहितात यावर तिची नोकरी टिकणार की जाणार हे ठरायचं होतं. पोरगी बोलायला कमी, कामाला पक्की. सरांना ती पसंत नव्हती, कारण सावळेबाबू त्यांच्या पुढे पुढे करायचे आणि ही करत नव्हती.

त्याच वर्षी संस्थेनं सगळ्या शाळांसाठी टीसीचा प्रोग्राम आणायचं ठरवलं. शाळा सोडल्याचा दाखला हातानं लिहायचा नाही, मशीनमधून काढायचा. त्यासाठी जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातली नावं आधी कॉम्प्युटरवर यादी करून भरायची होती. प्रणितानं उन्हाळाभर बसून अकराशे नावं भरली. शाई उडालेली पानं, कडा कुरतडलेल्या, एकेका नावासाठी भिंगातून बघत. नावांचं शुद्धलेखन तपासायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी दोन दुपारी तिच्या खुर्चीवर बसून यादी तपासली, चार-पाच ठिकाणी वेलांट्या बदलल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

एका सोमवारी संस्थेनं पाठवलेला माणूस शहरातून आला. अर्ध्या तासात त्यानं प्रोग्राम टाकला, रिकामाच उघडून दाखवला, पोहे खाल्ले आणि गेला. मंगळवारी प्रणितानं त्यात आपली यादी घातली. पडदा पांढरा झाला आणि प्रोग्राम नाहीसा झाला. पुन्हा उघडला, पुन्हा नाहीसा. पाटीसुद्धा नाही. सरांनी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "माझा प्रोग्राम बाकीच्या शाळांत चालतो. तुमच्या ऑपरेटरनं डेटा चुकीचा भरलाय. सगळा पुसा आणि परत भरा."

सरांना हवं होतं ते नाव मिळालं. शुक्रवारी संस्थेचे सचिव प्रोग्राम बघायला येणार होते. तीन दिवसांत अकराशे नावं परत भरणं कोणालाच शक्य नव्हतं. सरांनी कपाटातून अहवालाचा कागद काढला आणि माझ्यादेखत त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'कामात निष्काळजीपणा आढळला.' पेन्सिलीनं अशासाठी, की शुक्रवारी सचिवांसमोर त्यावर पेन फिरवता यावं. प्रणिता टेबलाशी उभी होती. तिनं तो कागद उलटा वाचला. रडली नाही, नुसती रजिस्टरं एकावर एक लावत बसली. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि मी खडू उचलून तासाला निघून गेलो.

भाऊ सोयाबीनच्या सोंगणीसाठी, म्हणजे कापणीसाठी, रजेवर होते. बुधवारी सकाळी आले तेव्हा हातावर खरचटल्याच्या रेघा होत्या. प्रकार ऐकून घेतला, अहवालाचंही ऐकलं आणि प्रणिताला म्हणाले, "बस खुर्चीवर. हात तुये, डोये माहे. आधी पाड त्याले."

तीन वेळा पाडला. भाऊंनी पाठकोऱ्या कागदावर तीनदा लाल पेनानं लिहिलं. मग घर तपासलं. जागा होती, पाणी होतं, खाटेवर कोणी झोपलेलं नव्हतं. रिकामा प्रोग्राम मजेत उघडत होता.

"पाव्हणा बरा हाये. घर बरं हाये," भाऊ म्हणाले. "मंग ताटात काय वाढलं तेच पाहा लागन. यादी अर्धी कर."

"अर्धी म्हंजे भाऊ?"

"खालची अर्धी नावं नव्या फाइलीत टाक. वरून ते नाव, वर्ग, जन्मतारखीचे मथये लाव. अन् दे त्याले."

प्रणितानं खालची साडेपाचशे नावं दिली. प्रोग्राम चालला! पडद्यावर नावं सरसर उतरली. काळबांडे सर खुर्चीतून उठले. भाऊंनी निळ्या पेनानं लिहिलं आणि म्हणाले, "आता वरची अर्धी." वरची अर्धी दिली, प्रोग्राम पडला.

मग सुरू झालं ते अर्ध्याचं अर्ध. खालचा भाग नेहमी चालायचा, वरचा नेहमी पडायचा. पावणेतीनशे, मग एकशेचाळीस, मग सत्तर. पहिली घंटा झाली, मी वर्गावर गेलो, परत आलो तेव्हा नऊ नावं उरली होती. ऑफिसात सगळे जमले होते, देशमुख बाईसुद्धा खडू हातात घेऊन उभ्या. नवाची चार झाली, चाराची दोन, दोनाचं एक. वरचं पहिलं नाव, कोण्या आडे नावाच्या मुलाचं, कित्येक वर्षांपूर्वीचं.

"सापडलं," सर म्हणाले. "या नावात चूक आहे. मी म्हटलंच होतं."

"थांबा साहेब. प्रणिता, हेही नाव काढ. एकही नाव ठेवू नको. आता दे."

तिनं दिलं. प्रोग्राम पडला.

भाऊंनी पेन खाली ठेवलं. "नाव एकही नाही, अन् तरी पडते," ते म्हणाले, आणि आवाज न चढवता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं पुढे म्हणाले, "मंजे नावात खोट नाही. पोरीनं अकराशे नावं लिहली, एकातही खोट नाही."

प्रणितानं पहिल्यांदा मान वर केली.

आता पडद्यावर दोनच ओळी उरल्या होत्या. दुसऱ्या ओळीत मथळे, आणि त्यांच्या वर, पहिल्या ओळीत मधोमध, ॥ श्री ॥. सकाळपासून आम्ही पाच-सहा जण ती ओळ बघत होतो आणि एकालाही ती दिसली नव्हती. वहीच्या, रजिस्टराच्या, प्रश्नपत्रिकेच्या, पत्रिकेच्या डोक्यावर श्री असायचीच. आमच्याकडे ती कोणी वाचत नाही, कागदासोबतच आलेली असते. प्रोग्राम मात्र पहिल्या ओळीत मथळे शोधत होता. तिथे श्री बघून त्याला काही सुचत नव्हतं आणि तो उठून जात होता. खालच्या भागांना प्रणितानं नुसते मथळे लावले होते, म्हणून ते चालत होते.

प्रणितानं ती ओळ काढली, पूर्ण यादी दिली आणि अकराशे नावं उतरली. देशमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझे कान तापले होते. यादी तपासायला बसलो तेव्हा वर मोकळी ओळ घालून ती श्री मीच लिहिली होती. तीस वर्षं कागद समोर आला की आधी हात तेच करतो. मन नंतर येतं.

"झालं ते झालं," काळबांडे सर म्हणाले. "पण असलं काहीतरी यादीत घुसवायचं म्हणजे निष्काळजीपणाच. शेरा राहील."

"सर, मी नाही लिहिलं ते," प्रणिता म्हणाली. "आमच्या घरी वहीवर श्री लिहीतच नाहीत." सावळे बौद्ध, हे सरांनाही ठाऊक होतं.

"कोणी का लिहिलं असेना. फाइल तुझ्या ताब्यात होती, जबाबदारी तुझी."

सर अहवालाकडे वळले. मी तिथेच उभा होतो, तिच्यापासून चार हातांवर. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तेव्हा बोडखेभाऊ स्टुलावरून उठले. कोणाकडेही न बघता, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणाले, "साहेब, मी आजवर कोनालेच इचारलं नाही, की हे कोनी केलं. आज इचारतो. हे कोनी लिहलं? आज नाही सांगतलं, तं हे या पोरीच्या नावावर राहीन. जलमभर राहीन."

मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा. बोलणं त्यानंतर आलं. "मी लिहिलं सर. यादी तपासताना. तिचा काही संबंध नाही."

काळबांडे सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हे नाव नको होतं, कारण माझा अहवाल लिहून त्यांना काही मिळणार नव्हतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं. पेन्सिलीचा शेरा खोडायला त्यांना वेळ लागला, कागद काळा झाला. प्रणिताला त्यांनी नवा कागद आणायला सांगितला आणि त्यावर पेनानं काय लिहिलं ते मी त्यांच्या मागे उभं राहून वाचलं, मोठ्यानं, म्हणजे बदलता येऊ नये. 'काम समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही.' शुक्रवारी सचिव आले, प्रोग्राम चालला, कागद त्यांच्यासोबत गेला.

त्या बुधवारी सुट्टी झाल्यावर मी सायकलींच्या छपराखाली भाऊंना गाठलं. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, मीच लिहिलं ते?"

"तुमच्या परश्नपत्रिका मी बारा वरसं वाटून राह्यलो सर. बाकीचे नुसती श्री लिहतेत. दोन्हीकून दांड्या मारनारे तुमी एकटेच."

"मग सांगून टाकायचं होतं."

त्यांनी सायकलचं स्टँड सोडलं. "मी सांगतलं असतं तं तुमी सापडले असते," ते म्हणाले. "आता तुमी सांगतलं."

मला त्यांचा त्या क्षणी रागही आला आणि त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही. ते पायडल मारून रिठदच्या रस्त्याला लागले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल, नारळ, भाषणं सगळं यथासांग झालं. माझंही भाषण झालं आणि ते अपेक्षेप्रमाणे लांबलं. नंतर प्रयोगशाळेत डोकावलो, स्टूल रिकामं होतं, म्हणून मी ऑफिसाकडे गेलो, तर भाऊ खिडकीशी रांगेत उभे. त्यांच्या हातात अर्ज होता, टीसी मिळण्याबाबत. त्यांच्यामागे एक बाई आणि तिची मुलगी होती. "आधी इचं द्या, इले अकरावीच्या अॅडमिशनले जायाचं हाये," म्हणून ते बाजूला झाले. तेव्हा मला कळलं, बोडखेभाऊ याच शाळेचे विद्यार्थी. पाचवीत इथे नाव घातलं, दहावीला गणितात आणि इंग्रजीत राहिले, आणि त्याच पावसाळ्यात तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना शिपाई म्हणून ठेवून घेतलं. नोकरीच्या कागदावर जन्मतारीख शाळेचंच रजिस्टर बघून तिथल्या तिथे लिहिली. टीसी काढायची गरजच पडली नाही.

प्रणिता आता कायम होती. तिला भाऊंच्या अर्जाचा सुगावा आधीच लागला होता, म्हणून तिनं टीसी सकाळीच छापून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवली होती. भाऊंनी ती हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरून शब्दन् शब्द वाचली.

"प्रगती, उत्तम. हे कुठून आनलं?"

प्रणिता टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

"रजिस्टर काढ."

तिनं काढलं. त्यांच्या नावासमोर, उडालेल्या शाईत, 'साधारण' असं होतं.

"राहू द्या ना भाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कोण पाहते आता?"

"तू अकराशे नावं खरी लिहली. मंग माह्याच एकट्याचं खोटं कायले?"

ती पुन्हा मशीनसमोर बसली. 'उत्तम' खोडून 'साधारण' केलं. पुढचा रकाना होता, शाळा सोडल्याचे कारण. रजिस्टरात तो कोरा होता, कारण भाऊंनी शाळा सोडलीच नव्हती. सकाळी घाईत तिनं तिथे नुसती रेघ मारली होती. आता म्हणाली, "इथं काय लिहू भाऊ? खरंच लिहायचं तर सांगा."

भाऊ विचार करत राहिले. मागची बाई आणि मुलगी केव्हाच निघून गेल्या होत्या, ऑफिसात आम्ही तिघंच होतो. मला वाटलं, एखादं मोठं वाक्य येईल. मराठीच्या मास्तरला दुसरं काय वाटणार?

"जे हाये तेच लिही," ते म्हणाले. "रिटायर झाला."

प्रणितानं लिहिलं, 'सेवानिवृत्ती.' कागद निघाला. भाऊंनी तो वाचला, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग कागदाची चौकोनी घडी करून वरच्या खिशात ठेवली, दोन्ही पेनांच्या मागे.

तेवढ्यात शेवटची घंटा झाली. पोरं दप्तरं आपटत मैदानातून फाटकाकडे धावली. मला वाटलं गर्दी ओसरेपर्यंत भाऊ थांबतील. ते थांबले नाहीत. सायकल हातात धरून त्या पोरांमध्येच मिसळले, आणि टीसी खिशात घेऊन त्यांच्यासोबत फाटकाबाहेर पडले.